वेबसाइटला महिन्याला हजारो व्हिजिटर दिसतात, पण चौकशीचा फोन येत नाही. बाउन्स रेट किती असावा?

अमुक आकडा चांगला, असं काही नसतं. गूगल ॲनालिटिक्स 4 (वेबसाइटच्या भेटी मोजणारं गूगलचं साधन) मध्ये जो 10 सेकंदांहून जास्त थांबत नाही, दुसरं पान उघडत नाही आणि की इव्हेंटही (आपण महत्त्वाची ठरवलेली कृती, जसं फोनचं बटण दाबणं) करत नाही, तो बाउन्स. अशा भेटींचं शेकडा प्रमाण म्हणजे बाउन्स रेट. फोनच्या बटणावर असा इव्हेंट लावलेला नसेल, तर पाच सेकंदांत नंबर शोधून फोन करणारं गिऱ्हाईकही त्यात जातं. तो आकडा सोडा.

दुखणं त्या 'हजारो'त आहे. नाशिकला भांडी बाजारात आमच्या काकांचं तांब्या-पितळेचं दुकान आहे. वेबसाइट सांभाळणारी एजन्सी दरमहा रंगीत पीडीएफ पाठवायची, पहिल्याच पानावर ठळक 'हिट्स'. हिट म्हणजे सर्व्हरकडे मागितलेली एक फाइल. समयांच्या पानावर चाळीसेक फोटो, म्हणजे एक माणूस आला तरी तेवढ्या हिट्स. मी हे सांगितलं तर काका म्हणाले, "तुला धंद्यातलं काय कळतं?"

पुढे त्या पीडीएफमध्ये 'अमेरिकेतून वाढता प्रतिसाद' आला आणि काकांनी परदेशी पाठवायला जाड खोकी बनवून घेतली. मी ॲनालिटिक्समधली भेटींची शहरवार यादी उघडली. जवळजवळ सगळं ॲशबर्न, व्हर्जिनिया. तिथे डेटा सेंटरांची, म्हणजे सर्व्हर ठेवलेल्या इमारतींची, दाटी आहे. त्या भेटींत कोणी क्षणभरही थांबलेलं नव्हतं. ते बॉट, म्हणजे आपोआप पानं उघडणारे प्रोग्राम, होते, आणि त्यांच्यासाठी खोक्यांवर रोख पैसे गेले. याचा मला आजही राग येतो.

दुकानात खरी मोजणी काकूंची. येणाऱ्या प्रत्येकाला "कुठून कळलं?" विचारून त्या वहीत लिहितात. बरेच जण व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून आलेले निघाले. ॲनालिटिक्समध्ये हेच लोक बहुतेकदा 'डायरेक्ट' (कुठून आले ते न कळलेले) म्हणून दिसतात, म्हणून लिंक पाठवताना तिला यूटीएम, म्हणजे ती कुठे दिली हे सांगणारी शेपटी, जोडा. गूगलवरून काय शोधून लोक येतात ते गूगलच्याच सर्च कन्सोलमध्ये बघा. दुकानातल्या कॉम्प्युटरचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) ॲनालिटिक्सच्या फिल्टरमध्ये टाका, नाहीतर स्वतःच्याच भेटी मोजत बसाल.

शहर आयपीवरून अंदाजाने ठरतं, नाशिकचा माणूस मुंबईत दिसू शकतो. त्यामुळे परदेशी दिसलेली प्रत्येक भेट खोटी समजू नका. ओळखीचे बॉट ॲनालिटिक्स 4 आपणच वगळतं, बाकीचे आत येतात.

पीडीएफवर विसंबू नका, ॲनालिटिक्सचा ॲडमिन ॲक्सेस स्वतःच्या ईमेलवर घ्या. काकांना मी हेच सांगत होतो. एजन्सी द्यायला टाळाटाळ करत असेल, तर पुढच्या महिन्याचे पैसे थांबवा.