प्युरिफायर राहू द्या, आधी मेडिक्लेम भरा

प्रश्न: नागपुरात महालातलं आमचं जुनं घर. वय ४२, हातात पगार ५८,०००. आई (६६) पंचवीस वर्षांपासून मागच्या खोलीत लाकडाच्या चुलीवर लांब रोट्यांच्या ऑर्डरी करते, महिन्याला आठेक हजार सुटतात. दोन हिवाळे झाले, खोकला हटत नाही, जिना चढताना दम लागतो. डॉक्टरांनी सांगितलेली स्पायरोमेट्री (नळीत फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी) राहूनच गेली. ४८,००० चा एअर प्युरिफायर बिनव्याजी हप्त्यांवर घ्यावा का? आईसह सगळ्यांचा मेडिक्लेम सात वर्षं भरला, एकदाही कामी आला नाही. म्हणून यंदा ४१,००० भरले नाहीत. १९ दिवसांपूर्वी मुदत संपली. एजंटने त्याऐवजी पैसे परत देणारी पॉलिसी दिली, वर्षाला ६०,०००. कागद दोन आठवड्यांपूर्वी आले. तो म्हणतो, लागला तर नवा मेडिक्लेम काढू, आईचा खोकला लिहायचा नाही.

उत्तर: प्युरिफायर घेऊ नका. आता तुम्ही जे विचारलंच नाही ते बघू, कारण त्याला फक्त अकरा दिवस उरलेत.

वार्षिक हप्त्याच्या मेडिक्लेमला मुदत संपल्यावर ३० दिवसांची सवलत असते. तेवढ्यात पैसे भरले तर सात वर्षांचं सातत्य टिकतं. मधल्या दिवसांत मात्र संरक्षण नसतं, म्हणून अकराव्या दिवसाची वाट बघू नका, आजच भरा. आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ, म्हणजे ज्यात त्या आजारांचा दावा मिळत नाही तो, जास्तीत जास्त तीन वर्षांचा, तो तुमचा केव्हाच सरला. शिवाय पाच वर्षं सलग भरलेल्या पॉलिसीत, फसवणूक सिद्ध झाली तरच, माहिती लपवल्याचं कारण काढून दावा नाकारता येतो. हे सगळं तुम्ही ४१,००० वाचवायला सोडून देत होता. खोकला लपवून काढलेला नवा मेडिक्लेम पहिल्याच दाव्याला कोसळेल, आणि तेव्हा एजंट फोन उचलणार नाही.

आता ती साठ हजारांची पॉलिसी. १२ वर्षं भरायचे म्हणजे ७.२ लाख. पंधराव्या वर्षाअखेर साडेदहा लाख मिळतील असं तुम्ही जोडलेल्या कागदावर आहे. हा परतावा चार टक्क्यांच्या आसपास पडतो. तेच पैसे पीपीएफमध्ये सध्याच्या ७.१ टक्क्यांनी चौदा लाखांवर जातात. ‘पैसे परत मिळतात’ हे ऐकून माणसं किती मिळतात ते विचारायचं विसरतात! कागद हाती आल्यापासून ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते. मुद्रांक शुल्क आणि किरकोळ कपात जाऊन पैसे मिळतात. अर्ज एजंटकडे देऊ नका, कंपनीच्या शाखेत देऊन पोच घ्या. त्याच पैशातून मेडिक्लेम भरून निघतो.

राहिला धूर. लांब रोटीची पातळ कणीक हातावर ताणून उलट्या मडक्यावर टाकताना आईंचं तोंड बरोबर जाळावर येतं. मागच्या खोलीला खिडकी आहे की नाही, ते तुम्ही लिहिलंच नाही. आयुष्यात विडीला हात न लावलेल्या बायकांना चुलीच्या धुराने सीओपीडी हा फुप्फुसांचा जुनाट आजार होतो. त्यात श्वासनलिका अरुंद होतात आणि झालेलं नुकसान पूर्ण भरून येत नाही. पुढचं तेवढं रोखता येतं. प्युरिफायर कण अडवतो, पण धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू अडवत नाही, आणि चुलीशेजारी त्याचा फिल्टर बघता बघता काळा होईल. मग दरवर्षी फिल्टरचा खर्च.

त्यापेक्षा मडकं गॅसच्या मोठ्या भट्टीवर चढवा, धूर ओढणारा पंखा बसवा. गॅसचा खर्च जाऊन आठ हजारांचे पाच-साडेपाच सुटतील. महिन्याचे ते कमी झालेले अडीच-तीन हजार मी औषधाच्या खात्यात धरीन. झोपताना दार लावून मच्छर कॉइल लावत असाल तर तीही बंद करा. एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघतात, असं २००३ च्या एका अभ्यासात आढळलं होतं. मच्छरदाणी स्वस्त पडते.

स्पायरोमेट्री या आठवड्यात करा, मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत होते. फक्त त्याआधी हप्ता भरून पावती हातात घ्या. आणि गॅसची भट्टी येईपर्यंत घेतलेल्या ऑर्डरी चूल अंगणात मांडून पूर्ण करा. कणीक ताणायला आईच बसतील, पण जाळ सारायला तुम्ही बसा.