'सज्जना'तला स गुरू कसा?

प्रिय चिऊ,

मंडळाच्या रविवारच्या शाळेत बाईंनी 'मना सज्जना भक्तिपंथेचि जावें' या ओळीवर लघु-गुरूच्या खुणा करून दिल्या. 'सज्जना'तला स ऱ्हस्व, मग त्याला गुरूची खूण का, म्हणून तू गाडीत भांडलीस. टर्नपाईकवर मला धड सांगता येईना, म्हणून लिहिते.

वही मिट आणि सावकाश म्हण: सज्-ज-ना. लिहिताना आपण दोन्ही ज एकमेकांना चिकटवतो, पण म्हणताना पहिला ज् मागच्या स कडे जाऊन बसतो. तुम्ही शाळेत टाळ्या वाजवून सिलॅबल मोजता ना, तशा वाजव. पहिल्या टाळीत 'सज्' येतो.

प्रत्येक टाळीत एक स्वर असतोच. त्याच्या आधी व्यंजनं असतील, नंतरही असतील. वजन मात्र स्वरापासून पुढचंच धरायचं. ऱ्हस्व स्वरावर टाळी संपली तर लघु, 1 मात्रा. स्वर दीर्घ असला किंवा त्याच्यामागून व्यंजन आलं तर गुरू, 2 मात्रा. 'भक्' गुरू तो यामुळेच, आणि 'पं'सुद्धा, कारण त्या अनुस्वारात न् लपलाय.

आता अख्खी ओळ म्हण: म-ना-सज्, ज-ना-भक्, ति-पं-थे, चि-जा-वें. चारही वेळा लघु-गुरू-गुरू! अशा तीन अक्षरांच्या गटाला गण म्हणतात. हा य गण, गण लक्षात ठेवायच्या 'यमाताराजभानसलगा' या सूत्रातला पहिलाच 'यमाता'. असे 4 गण, 12 अक्षरं, की झालं भुजंगप्रयात. रामदासांचे मनाचे 205 श्लोक याच वृत्तात आहेत.

स्वराआधीची व्यंजनं खरंच मोजायची नाहीत? पुढची ओळ बघ: 'तरी श्रीहरी पाविजेतो स्वभावें'. शेवटचा गण स्व-भा-वें. 'स्व'मध्ये स् आणि व् अशी दोन व्यंजनं आहेत, तरी तो लघुच. दोघंही 'अ'च्या आधी आहेत ना!

'जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू' एवढंच घोकून घेणं मला पटत नाही. 'तुम्ही' म्हणून बघ. तु-म्ही. इथे म्ह फुटतच नाही, सगळाच्या सगळा पुढच्या टाळीत जातो, म्हणून तु लघु. 'कुऱ्हाड'मधला कु तसाच. मागच्या अक्षरावर आघात आला तरच ते गुरू, हे नियमाचं शेपूट पाठ करताना हमखास गळतं.

'दुसऱ्या'तला स लघु की गुरू, ते तू सांग. टाळ्या वाजवून, हं.

तुझी,
आई