वाचक विचारतात : वैनगंगेकाठची पवनी (जि. भंडारा)

प्रश्न : पवनीला सांचीपेक्षा मोठा स्तूप आहे म्हणतात. पण जगन्नाथ टेकडीवर चढलं की देऊळच दिसतं. मग स्तूप आहे कुठे? (चिमूर)

उत्तर : तुम्ही ज्या टेकडीवर उभे होता, तिच्याच पोटात. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि नागपूर विद्यापीठ यांनी १९६९-७० मध्ये शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या देखरेखीत इथं उत्खनन केलं. तेव्हा सुमारे ३८ मीटर व्यासाचा विटा-मातीचा स्तूप सापडला. सांचीचा मोठा स्तूप साडेछत्तीस मीटरचा, म्हणजे लोक म्हणतात ते खोटं नाही. पण तुलना व्यासापुरतीच. सांचीच्या स्तूपाला दगडी आवरण आहे आणि त्याची डागडुजीही झाली. पवनीच्या स्तूपावर मात्र माती साचली आणि पुढं जगन्नाथाचं देऊळ उभं राहिलं. दुसरा स्तूप चांडकापूर टेकडीवर, तिलाच गावात हरदोलाला म्हणतात.

घुमट शोधत आलेला माणूस इथून हिरमुसून जातो. पाहायची असतात ती स्तूपाभोवतीच्या कठड्याच्या दगडी खांबांवरची शिल्पं. काहींवर ब्राह्मीत दान देणाऱ्यांची नावं आहेत, आणि एका शिल्पात फणा काढलेला मुचलिंद नाग (बौद्ध कथेत बुद्धावर फण्याचं छत्र धरणारा नागराज) चक्क स्वतःच्या नावासकट कोरलेला आहे. महाक्षत्रप (शकांच्या काळचा मोठा शासक) रूपियम्माचा छायास्तंभ, म्हणजे स्मारकाचा खांबही पवनीचाच, पण तो पाहायला नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती संग्रहालयात जावं लागतं. पवनीला यायच्या आधी तिथं तासभर काढलात तर टेकडी वेगळी दिसेल.

प्रश्न : नागपूरहून एका दिवसात जाऊन यायचं आहे. सोबत आजी आहेत. क्रम कसा लावावा? (नागपूर)

उत्तर : उमरेड-भिवापूरमार्गे अंतर ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर, दोन-अडीच तास धरा. नागपूर-नागभीड नॅरोगेज गाडी रुंदीकरणासाठी २०१९ मध्ये बंद झाली, त्यामुळे जुन्या माणसांच्या सांगण्यावर ‘पवनी रोड’ स्टेशनाचा बेत करू नका.

नदी गावाच्या पूर्वेला आहे. म्हणून आधी घाट, तेही सकाळीच. दुपारी पायऱ्या तापतात. आजींना वैजेश्वराच्या देवळापाशी बसवा, सगळ्या पायऱ्या उतरायला लावू नका. मग जवाहर गेटकडे या. गावाला तीन बाजूंनी मातीचा तट आणि खंदक, चौथ्या बाजूला नदी, हा पवनीचा मूळ नकाशा तिथं उभं राहिलं की कळतो. नुसता दरवाज्याचा फोटो काढून परतणाऱ्यांना तट दिसतच नाही, कारण झाडझुडपात तो साध्या मातीच्या उंचवट्यासारखा वाटतो. टेकड्या शेवटी, ऊन उतरल्यावर.

दिवाळीनंतर आलात तर आजूबाजूच्या गावांत मंडई, म्हणजे जत्रा असते, रात्री झाडीपट्टीचं (पूर्व विदर्भाचं) नाटक. मग मात्र मुक्काम करा. करांडल्याच्या अभयारण्याची सफारी याच दिवसात कोंबू नका; पावसाळ्यात तर ती बंदच असते.

प्रश्न : विदर्भाच्या अष्टविनायकांतला पवनीचा गणपती कोणता? (आरमोरी)

उत्तर : पंचमुखी विघ्नराज, ज्याला सर्वतोभद्र म्हणतात. मूर्ती एका बाजूनं पाहून पुरत नाही, भोवती फिरा.

प्रश्न : घाटावर अंघोळ करावी का? (भंडारा)

उत्तर : आमचं मत, हातपाय धुण्यापुरतं ठीक. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानेत आणि तिथून वैनगंगेत येतं. शिवाय गोसेखुर्द धरण पवनीच्या वरच्या अंगाला आहे. त्याची ३३ दारं. त्यातली काही उघडली की पवनीत पावसाचा थेंब नसतानाही पाणी चढतं. भोंगा किंवा दवंडी ऐकू आली की पात्रातल्या वाळूवरून आधी वर या, चपला-पिशव्या नंतर.

प्रश्न : मिरचीचा सातरा म्हणजे काय? तिथून मिरची घेता येते का? (वर्धा)

उत्तर : वाळलेल्या लाल मिरचीचे देठ हातानं खुडण्याची जागा म्हणजे सातरा. पवनी-भिवापूर पट्ट्यात हे काम बहुतेक बायाच करतात, मजुरी वजनावर. देठ राहिला तर वजन वाढतं आणि तिखटाचा रंग फिका पडतो, म्हणून व्यापारी खुडलेलीच मागतो. किरकोळ विक्री होईलच असं नाही, आधी विचारा. घेताना मिरची मुठीत दाबून पाहा. खुळखुळ वाजली तर कोरडी. लवचीक लागली तर ओल आहे, डब्यात बुरशी धरेल. पांढरे डाग पडलेली घेऊ नका. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, म्हणून त्या नावावर कोणतीही मिरची खपवली जाते, एवढं ध्यानात ठेवा. आणि नाकाला ओला रुमाल बांधून जा; कोरड्या रुमालातून ठसका लागतोच.