मातीतले आणि हॉस्पिटलातले रेझिस्टंट जंतू एकच असतात का? मातीत काम करून ते आपल्याला होतात का?

जंतू बहुतेक वेळा वेगळे, पण औषधाला दाद न देणारे जीन्स पुष्कळदा तेच. मी सोलापुरात एका हॉस्पिटलच्या मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये 11 वर्षं प्लेटा (जंतू वाढवायच्या थाळ्या) वाचतोय आणि सांगोल्याकडची घरची डाळिंबाची बाग दादा बघतो, म्हणून हा प्रश्न बघून राहवलं नाही.

दोन वर्षांपूर्वी प्रोस्टेटमुळे अण्णांची लघवी अडली, कॅथेटर घातला, आठव्या दिवशी हुडहुडी भरून ताप. युरीन कल्चर, म्हणजे लघवीतला जंतू वाढवून बघायची टेस्ट, मीच लावलं. दुसऱ्या दिवशी मॅकॉन्की नावाच्या प्लेटवर गुलाबी चिकट कॉलन्या, म्हणजे क्लेबसिएला हा जंतू. तिसऱ्या दिवशी सेन्सिटिव्हिटीची, म्हणजे कुठलं औषध चालेल ते बघायची प्लेट काढली तर मेरोपेनेम या तगड्या अँटिबायोटिकच्या डिस्कला खेटून जंतू वाढलेला, झोनच नाही, म्हणजे औषधाचा काही परिणाम नाही. असे रिपोर्ट मी रोज लिहितो, पण त्यावर बापाचं नाव असलं की हात चालत नाही. शेवटी कोलिस्टिन हे किडनीला जड जाणारं औषध दिलं, ताप उतरला पण क्रिएटिनिन चढलं, म्हणजे किडनी बिघडली, तीनदा डायलिसिस, 23 दिवसांनी घरी आले.

तेव्हा वॉर्डाबाहेर सगळ्यांसमोर दादा माझ्यावर ओरडला, "हा रोग तुमच्या हॉस्पिटलचा, आपल्या मातीत असलं काही नसतं." ते मला अजून डाचतं.

मातीतच असतं! स्ट्रेप्टोमायसिन हे अँटिबायोटिक 1943 साली मातीतल्याच जंतूपासून मिळालं. जो जंतू असलं विष बनवतो त्याला स्वतःला त्यातून वाचायची सोय लागतेच, आणि शेजारी राहणाऱ्यांनाही. कॅनडात युकॉनला 30,000 वर्षं गोठून पडलेल्या मातीत व्हँकोमायसिन या अँटिबायोटिकला न जुमानणारे जीन्स सापडले, ते 2011 मध्ये छापून आलं. तेव्हा कुठली हॉस्पिटलं होती? आमच्याकडे लघवीच्या इन्फेक्शनमध्ये नेहमी भेटणारं, अँटिबायोटिक तोडणारं सीटीएक्स-एम एन्झाइम मूळचं क्लुव्हेरा नावाच्या जंतूचं, जो माती-पाण्यात राहतो. तिथून त्याचा जीन प्लास्मिडवर बसून ई. कोलाय, क्लेबसिएलात आला. प्लास्मिड म्हणजे डीएनएची छोटी रिंग, एक जंतू दुसऱ्याला चिकटून तिची कॉपी देतो, जात वेगळी असली तरी. एकेका रिंगवर चार-पाच औषधांचे जीन्स असू शकतात, म्हणून तुम्ही एकाच औषधाचा मारा केला तरी बाकीचेही आयते टिकतात.

आणि दादा डाळिंबाच्या तेल्या रोगावर काय मारतो, तर स्ट्रेप्टोसायक्लीन, त्यात 90 टक्के स्ट्रेप्टोमायसिन, जे टीबीवरचं जुनं औषध आहे, आणि 10 टक्के टेट्रासायक्लीन. पाऊस झाला की परत फवारणी. हे मला चुकीचंच वाटतं.

अण्णांचा जंतू बागेतून आला असं मात्र मी म्हणत नाही, तो कॅथेटरमधूनच गेला असणार, आणि कॅथेटर रोज बघून लवकर काढायला हवा होता, ती चूक हॉस्पिटलची, हे मी दादालाही कबूल केलंय. पण त्याआधी वर्षभर अण्णांना जळजळ झाली की मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय सिप्रोफ्लॉक्सासिनच्या अँटिबायोटिक गोळ्या कोण आणत होतं? दर वेळी पोटातले साधे जंतू मरायचे आणि चिवट तेवढे मागे राहायचे.

तुमचं म्हणाल तर निरोगी माणसाला मातीत हात घालून सहसा काही होत नाही, जखम असेल तर धुवा, टिटॅनसचं इंजेक्शन घ्या. लघवीची तक्रार असेल तर आधी कल्चर, मग गोळी. आणि डाळिंब असेल, तेल्या येत असेल तर पावसाळ्यातला मृग बहर सोडून पाऊस ओसरतानाचा हस्त बहर धरा, रोगट फांद्या छाटून जाळा. दादाला दोन वर्षं हेच सांगतोय, यंदाही त्यानं मृगच धरलाय.