माळावर कविता लिहिण्याआधी

तुझ्या कविता वाचल्या. लय चांगली आहे, पण त्यातला माळ कुठलाही असू शकतो. आपण सोलापूरकर; नान्नज हाकेच्या अंतरावर. माळढोकासाठी १९७९ साली जाहीर झालेलं अभयारण्य तिथलंच. पाऊस सरल्यावर सकाळी लवकर जा. माळढोक दिसेल अशी आशा धरू नकोस, तो आता फार दुर्मीळ झालाय. कुसळी गवतात बसून बघ: काळविटांचे खूर, नाकतोडे, वर चढत गाणारा चंडोल. माळढोकाची मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. आणि हा जड पक्षी उडताना समोरच्या विजेच्या तारा वेळेत पाहू शकत नाही, आदळतो. हे कळलं की क्षितिजावरच्या तारा तुला वेगळ्या दिसतील.

'उजाड माळ झाडांनी हिरवा करू' ही तुझी ओळ मला खरंच खटकली. माळ उजाड नसतो रे. तिथे दाट झाडी लावली की गवतावर जगणारे बेघर होतात.

माहिती कवितेत कोंबू नकोस मात्र. पुढची कविता पाठवशील तेव्हा त्यात तू स्वतः पाहिलेलं एक तरी गवत नावासकट असू दे.