कोल्हापूर ते तिरुपती हे विमानाचे अंतर किती आणि प्रवासाला वेळ किती लागतो?

वयस्कर आईवडिलांना घेऊन सांगलीहून तिरुपतीला जायचे आहे, तेव्हा कोल्हापूरहून विमानाने किती अंतर पडेल आणि किती वेळ लागेल, असे आपण विचारले आहे. मीही सांगलीचाच आणि आईला याच मार्गाने नेऊन आणले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

कोल्हापूरच्या, म्हणजे उजळाईवाडीच्या, विमानतळापासून तिरुपतीच्या, खरे तर रेणीगुंट्याच्या, विमानतळापर्यंतचे सरळ रेषेतील अंतर सुमारे ६५५ किलोमीटर, म्हणजे साधारण ३५५ सागरी मैल आहे. रस्त्याने हेच अंतर आठशेच्या पुढे जाते.

वेळ मात्र अंतरापेक्षा विमानाच्या जातीवर ठरतो. पंख्यांचे एटीआर ७२ हे विमान ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास जाते, तर एम्ब्रेअर १७५ हे जेट विमान ताशी ८०० च्या वर. त्यामुळे पहिल्याला जेथे सुमारे एक तास चाळीस मिनिटे लागतात, तेथे दुसरे सव्वा तासात पोहोचते. नुसता भागाकार केला तर जेटचे उत्तर पन्नास मिनिटांच्याही आत येईल. पण तिकिटावर छापलेली वेळ ही विमान जागचे हलल्यापासून ते उतरून पुन्हा उभे राहीपर्यंतची असते आणि धावपट्टीपर्यंतचे रांगणे, चढण, उतरण हे सारे तिच्यात धरलेले असते. शिवाय कोल्हापूरची धावपट्टी ढोबळमानाने पूर्व-पश्चिम आहे आणि तिरुपती आग्नेयेला. वाऱ्यामुळे पश्चिमेकडे उड्डाण करावे लागले की विमान आधी उलट्या दिशेने जाऊन मग वळसा घेते. आमच्या वेळी नेमके तसेच झाले आणि खिडकीशी बसलेल्या आईने, ‘अरे, हा आपल्याला कोकणात नेतोय की काय?’ असे विचारले होते. तिकीट काढताना विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तो अवश्य पाहावा.

आता सांगलीकरांसाठी महत्त्वाचे. सांगली ते उजळाईवाडी हे अंतर पन्नास किलोमीटरच्या आत-बाहेर असले तरी ऊसतोडणीच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागे अडकलो की दीड तासही पुरत नाही. अंकलीच्या पुलाजवळ आमची अशीच वीस मिनिटे गेली. सामान देण्याची खिडकी उड्डाणाच्या साधारण तासभर आधी बंद होते, तेव्हा घरातून किमान साडेतीन तास आधी निघावे. उतरल्यावर रेणीगुंट्याहून तिरुपती शहर पंधरा किलोमीटरच्या आसपास आणि पुढे तिरुमलेचा घाट, म्हणजे सव्वा तासाच्या उड्डाणासाठीसुद्धा घरापासून डोंगरावर पोहोचेपर्यंत सहा-सात तास धरावेत. मिरजेहून हरिप्रिया एक्स्प्रेसने दुसऱ्या दिवशी सकाळ उजाडते, त्या मानाने हे पुष्कळ सुखाचे आहे.

थेट विमान रोज असेलच असे मात्र गृहीत धरू नये. ते नसेल तर हैदराबादला बदलून जाता येते. कोल्हापूर-हैदराबाद सुमारे ४४५ आणि हैदराबाद-तिरुपती सुमारे ४१५ किलोमीटर, म्हणजे अंतर दोनशेने वाढते, पण मधल्या थांब्यामुळे वेळ दुपटीहून अधिक होतो. आईवडिलांना चालण्याचा त्रास असेल तर तारीख एक-दोन दिवस पुढेमागे करून थेट विमानच धरावे आणि चाकाची खुर्ची तिकिटाबरोबरच मागून ठेवावी.