दोघंही नोकरी करत असू, तर पालकांनी मिळून चालवलेल्या बालवाडीत मुलीला घालावं का?

तुमची मुलगी पावणेतीन वर्षांची आहे. घराजवळ पालकांनीच चालवलेली एक बालवाडी आहे आणि तिथे दर घरातल्या कोणीतरी महिन्यातून दोन सकाळी वर्गात थांबायचं असतं. तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात : एवढ्या सुट्ट्या कुठून आणायच्या, आणि आई समोर असली की मुलगी वर्गात रमेल का. माझा मुलगा गोरेगावात अशाच बालवाडीत तीन वर्षं होता. माझं ऑफिस चर्चगेटला, नवऱ्याची नोकरी शिफ्टची. माझं उत्तर, घाला. पण कशात पडताय ते आधी नीट कळलेलं बरं.

आधी दुसरा प्रश्न घेते, कारण मला तोच जास्त जड गेला होता. माझ्या पहिल्या ड्युटीला मुलगा मांडीवरून उठेचना. दुसरं कोणी पुस्तक घेऊन माझ्याकडे आलं की त्याला ढकलायचा. एरवी इथे मजेत असणारं माझं मूल माझ्यामुळेच बिघडतंय असं वाटून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ताईंनी ते बघितलं. त्या म्हणाल्या, "त्याला उठवू नका. तुम्ही हातात काम घ्या." आणि भुईमुगाच्या शेंगांची टोपली माझ्यासमोर ठेवली. मी शेंगा फोडत बसले. दहा मिनिटांत चार मुलं टोपलीभोवती जमली. माझा मुलगा मांडीवरून उतरला आणि अंगठ्याने शेंग कशी दाबायची ते एका मुलीला दाखवायला लागला. मग तो कधी ठोकळ्यांकडे गेला ते मला कळलंही नाही.

त्या दिवसापासून मी एक पाळत आले. वर्गात नुसतं आपल्या मुलाकडे बघत बसायचं नाही. केळी कापा, शाडूची माती मळा, पेले विसळा, फाटलेली पुस्तकं चिकटवा. आई रिकामी बसलेली दिसली की मूल तिला चिकटतं, ती कामात दिसली की तेही आपल्या कामाला लागतं. आणि रडलं तर रडू द्या, ताई असतात. तिसऱ्या-चौथ्या ड्युटीपासून "आज माझ्या आईची ड्युटी" असं तो दारातूनच सगळ्यांना सांगायला लागला.

आता सुट्ट्यांचा हिशोब. आमच्याकडे सोळा घरं होती, पगारी ताई दोन, आणि रोज एक पालक. महिन्याचे बावीस-तेवीस दिवस सोळा घरांत वाटले की प्रत्येकाला एक-दोन सकाळी येतात. ड्युटी घराची असते, आईची नसते, हे पहिल्या दिवसापासून ठरवून टाका. दोघांनी वाटून घेतलं तर एकेकाला महिन्याला एक सकाळ, म्हणजे दहा महिन्यांत दहा अर्धे दिवस, म्हणजे पाच रजा. नवरा आपली ड्युटी साप्ताहिक सुट्टीच्या बुधवारी घ्यायचा, त्याला तेवढ्याही लागल्या नाहीत. मी नऊ ते बारा थांबायची आणि साडेबाराच्या पुढची लोकल पकडायची. त्या वेळी बसायला जागा मिळते. त्या प्रवासात मी सकाळभर पाहिलेलं वहीत लिहून काढायची, त्या वह्या अजून जपून ठेवल्यात.

बाबांनी जावं असा मी आग्रह धरते, त्याला कारण आहे. आमच्यात एक बाबा बेस्टमध्ये कंडक्टर होते. ते एकदा तिकिटांची जुनी पेटी आणि टिकटिक वाजणारा पंच घेऊन आले. सतरंजीवर मुलांनी एकामागे एक बसायचं आणि ते "पुढे चला, पुढे चला" म्हणत मधून फिरायचे. पुढचे पंधरा दिवस रोज बस निघत होती. कोण कुठे उतरणार, सुटे पैसे किती, म्हाताऱ्या आजीला जागा कोण देणार, हे सगळं मुलांचं मुलं ठरवत होती. ताई नंतर म्हणाल्या की एवढं मोजणं आणि एवढं बोलणं त्यांनी ठरवूनही घडवता आलं नसतं.

माझ्या सासूबाईंनी विचारलं होतं, "फी भरतो ना आपण? मग काम पण आपणच का करायचं?" प्रश्न रास्त होता. मी त्यांना बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडकांचं सांगितलं. 1945 मध्ये ताराबाईंनी डहाणूजवळच्या बोर्डीला काम सुरू केलं. पाड्यावरची मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच पाड्यावर, घरांसमोरच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. अंगणात शाळा भरते म्हणजे ती आईच्या, आजीच्या डोळ्यांसमोर भरते. आपल्याकडे इमारतीत अंगण नाही, म्हणून आपण उठून वर्गात जायचं, एवढंच. बाहेरही हे नवीन नाही. शिकागोत 1916 मध्ये विद्यापीठातल्या प्राध्यापकांच्या बायकांनी मिळून अशी शाळा काढली होती. न्यूझीलंडमध्ये 1941 पासून प्लेसेंटर आहेत, तिथे पालक रीतसर प्रशिक्षण घेऊन स्वतःच मुलांबरोबर काम करतात. सासूबाई पुढे स्वतः यायला लागल्या, जात्यावरच्या ओव्या म्हणायच्या आणि मुलं गुंगून ऐकायची. तरी माझं मत असं की आजी-आजोबांनी जरूर यावं, पण आई-बाबांच्या बदली म्हणून नव्हे.

कारण वर्गात गेल्यावर आपण दुसऱ्यांची मुलं ओळखायला लागतो, आणि मला या सगळ्यात हेच सर्वांत मोलाचं वाटतं. दुसऱ्या वर्षी माझ्या मुलाच्या दंडावर एकाने कडकडून चावा घेतला, दात उमटले होते. एरवी मी फाटकावर जाऊन भांडले असते. पण मी त्या मुलाशेजारी बसलेली होते. त्याला अजून नीट बोलता येत नव्हतं, हातातली वस्तू कोणी ओढली की तो चावायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. संध्याकाळी मीच त्याच्या आईला फोन केला. ती फोनवर रडली, आधीच्या शाळेतून याच कारणासाठी त्याला काढायला सांगितलं होतं म्हणे. मग आम्ही दोघींनी ताईंबरोबर बसून ठरवलं की त्याला "दे" आणि "नको" हे दोन शब्द सगळ्यांनी मिळून शिकवायचे. दिवाळीपर्यंत चावणं थांबलं.

त्रास वर्गात होत नाही, मीटिंगमध्ये होतो. खाऊ, हिशोब, पावसाळ्यात गळणारी खिडकी, भाड्याची बोलणी, ही कामं तीच चार-पाच माणसं करतात आणि मनात साठवत जातात. एकदा एका घराने सांगितलं, आम्ही दुप्पट फी देतो, ड्युटी माफ करा. रात्री दहापर्यंत वाद चालला. शेवटी आम्ही नाही म्हणालो आणि दोन घरं सोडून गेली. मला तो निर्णय आजही बरोबर वाटतो. ड्युटी पैशाने सुटायला लागली की उरलेले पालक पैसे भरणाऱ्यांचे बिनपगारी मदतनीस होतात. पण त्याच वर्षी एकटीने मूल वाढवणारी एक नर्स होती, तिला सकाळची सुट्टी मिळणं शक्यच नव्हतं. तिने स्वतः विचारलं, मी दुसरं काय करू? महिन्याचे हिशोब आणि रविवारची साफसफाई तिने अंगावर घेतली. तिच्या ड्युट्या कोणी मोजल्या नाहीत.

नाव घालण्याआधी काही गोष्टी विचाराच. ताईंना पगार किती आणि वेळेवर मिळतो का? पालकांच्या फुकट श्रमावर ताईंचा पगार वाचवला जात असेल तर तिथे जाऊ नका. संस्थेची नोंदणी आहे का? 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात जण मिळून संस्था काढता येते, त्यामुळे "आम्ही थोडेच आहोत" ही सबब चालत नाही. हिशोबाचं ऑडिट पालकांना बघायला मिळतं का, ताई आणि मावशींची पोलीस पडताळणी झाली आहे का, सोसायटीचा हॉल वापरत असाल तर परवानगी लेखी आहे का. आणि वर्गात ड्युटीवरच्या पालकाने दुसऱ्याच्या मुलाला कधीही एकट्याने बाथरूमला न्यायचं नाही, असा नियम आहे का. आमच्याकडे होता, आणि तो सगळ्यांना सारखा होता.

एक शेवटचं. तुमची पहिली ड्युटी जूनमध्ये लावून घेऊ नका. जूनमध्ये निम्मा वर्ग रडत असतो, आणि तुम्हाला पाहून तुमची मुलगी तुमच्याबरोबर घरीच निघेल. जुलैचा दुसरा पंधरवडा मागून घ्या, आणि त्या दिवशी जुन्या पालकांपैकी कोणीतरी तुमच्यासोबत असेल असं ताईंना सांगून ठेवा.